थंडीने पाया फुगल्याचे सांगून गळ्यात मारलेली 'ट्रीटमेंट'

नाशिकजवळच्या मखमलाबाद शिवारातील आमच्या घराला खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा पडू लागल्या, तेव्हा एका ठेकेदाराने थंडीत पायाखालची ओल गोठून पाया फुगतो असे सांगून, जोत्यालगत रसायन भरण्याच्या नावाखाली आमच्याकडून पावणेदोन लाख रुपये घेतले. निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरल्याची चर्चा तेव्हा घरोघरी चालू होती आणि त्याच्या मोबाइलमध्ये अमेरिकेतील तळघरांच्या फुटलेल्या भिंतींचे व्हिडिओ होते.

ते व्हिडिओ खोटे नव्हते. अतिथंड प्रदेशात जमीन आठवडेच्या आठवडे शून्याखाली राहते, खालची ओल गोठलेल्या थराकडे खेचली जाते आणि तिथे बर्फाचे थर साचून ते वरचे बांधकाम उचलतात. म्हणूनच अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पाया साडेतीन ते पाच फूट खोल नेण्याचा नियम आहे. निफाडचा आकडा मात्र पहाटेच्या हवेचा असतो. फार तर पानांवरचे दव गोठते. दोन-तीन तासांत ऊन वर येते आणि पायाइतक्या खोल असलेल्या मातीला त्या गारठ्याचा पत्ताही लागत नाही.

आमच्या भेगांचे कारण काळी माती होते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि दिवाळीनंतर वाळत जाऊन आकसते, त्यामुळे भेगा हिवाळ्यात दिसू लागतात, उन्हाळ्यात रुंदावतात आणि पाऊस मुरला की बऱ्याच अंशी मिटतात. ठेकेदाराला हे चक्र पक्के ठाऊक असावे, असे माझे मत आहे. कारण त्याने मे महिन्यात जोत्याला भोके पाडून पांढरट द्रव भरला, भेगांत इपॉक्सी म्हणजे वाळून कडक होणारा चिकट पदार्थ घालून वरून पुट्टी आणि रंग लावला आणि गॅरंटी दिली ती दिवाळीपर्यंतची. पावसाळाभर भिंती सपाट दिसल्या, म्हणजे काम ऋतूने केले आणि श्रेय रसायनाला मिळाले. फेब्रुवारीत भरलेल्या भेगेला खेटूनच दुसरी उघडली, तेव्हा फोनवर उत्तर आले, "काका, ही नवीन भेग आहे, आपण भरलेली जशीच्या तशी आहे." शब्दशः ते खरेही होते, कारण हलत्या भेगेत कडक इपॉक्सी भरली की ती जागा घट्ट धरते आणि ताण शेजारच्या गिलाव्यात निघतो.

नंतर आलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने आधी कोपऱ्यात खड्डा खणायला लावला. पाया मुरमापर्यंत पोहोचलेलाच नव्हता, गच्चीचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात पाणी सोडत होता आणि दुसऱ्या बाजूचा गुलमोहर जमीन कोरडी करत होता, म्हणजे एकाच घराखाली एकीकडे फुगवटा आणि दुसरीकडे आकुंचन. त्यांनी पाइप लांब नेऊन घराभोवती उताराचा कोबा करायला सांगितले आणि भेगेवर काचेची पट्टी चिकटवून शेजारी तारीख लिहिली. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे असे समजायचे. वर्षभराच्या नोंदीनंतरच पायाच्या मजबुतीचा निर्णय घेऊ, असे त्यांचे म्हणणे आहे.

म्हणून कोणी भेगांवर रसायन विकायला आले, तर खड्डा खणून पाया पाहिला का हे विचारावे, आणि गॅरंटी एक पावसाळा व त्यानंतरचा पूर्ण उन्हाळा धरून लेखी मागावी. जीएसटीचे बिलही घ्यावे. आम्हाला साध्या चिठ्ठीवर पावती मिळाली. तरीही बँकेतून गेलेली रक्कम आणि व्हॉट्सॲपवर आलेले कोटेशन यांच्या आधारे जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून आम्ही आयोगाकडे अर्ज दिला आहे.