जुनी वॅगनआर १.०: परदेशातून नाशिकला परतलेल्यांनी घ्यावी का?

घ्यावी, पण गाडीचा रंग आणि व्हेरिएंट बघून नव्हे, तिचा इतिहास बघून. इथे बोलतोय ते २०१० ते २०१८ या पिढीच्या पेट्रोल वॅगनआरबद्दल. तिकडे बस-मेट्रोवर भागल्यामुळे ज्यांनी वर्षानुवर्षं स्टिअरिंगला हात लावलेला नाही, त्यांना ही गाडी सोयीची पडते. बसायला उंच, काचा मोठ्या, रुंदीला जेमतेम दीड मीटर. कॉलेज रोडवर दुतर्फा उभ्या गाड्यांमधून काढायला किंवा पंचवटीतल्या गल्लीत वळवायला त्रास नाही. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ६८ पीएस ताकद देतं. टायमिंगला बेल्ट नसून चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. सुटे भाग तर कुठल्याही गॅरेजला मिळतात.

उणिवा सरळ सांगाव्यात. खालच्या व्हेरिएंटला एअरबॅग नाहीत, एबीएसही नाही; शेवटच्या काही वर्षांत ती ऑप्शनल व्हेरिएंटमध्ये मिळत होती. तशी गाडी मिळाली तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. अरुंद आणि उंच असल्याने हायवेला आडव्या वाऱ्यात डुलते. एसी लावून पाच माणसांनिशी कसारा घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर राहावं लागतं. आठवड्याला समृद्धी महामार्गावर जाणं असेल तर ही गाडी तुमची नव्हे.

२०१९ ला आलेली पुढची पिढी रुंद आहे आणि बजेट असेल तर तीच बघा. मात्र १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ दरम्यान बनलेल्या १.० गाड्या फ्युएल पंपासाठी कंपनीने २०२० मध्ये परत बोलावल्या होत्या. ते काम झालंय का, हे चॅसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावं. पंप राहिला असेल तर बदलून घ्या, त्याचे पैसे द्यायचे नसतात.

नाशिकच्या बाजारात मुंबई-ठाण्याच्या गाड्या भरपूर येतात. मॉडेल नवं, किंमत कमी, पॉलिश झकास. अशा गाडीचं पोट बघितल्याशिवाय सौदा करू नये. खाऱ्या हवेने दाराच्या खालच्या कडा, सायलेन्सर आणि सस्पेन्शनचे बोल्ट गंजलेले असतात, आणि रोजच्या ट्रॅफिकमध्ये क्लच संपलेला असतो. तिच्यापेक्षा दोन वर्षं जुनी, पण नाशिकच्याच एमएच-१५ पासिंगची, सिंगल ओनर आणि सर्व्हिस रेकॉर्ड असलेली गाडी आम्ही केव्हाही वर धरू. गोदाकाठची असेल तर पुराचं पाणी लागलंय का ते पाहा: सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, वरच्या टोकाला गाळाची रेघ दिसते. स्टेपनीच्या खाली आणि कार्पेट उचलून सीटच्या रुळांवर गंज बघा. पाणी शिरलेल्या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आणि वायरिंग कधी दगा देईल याचा नेम नसतो. डॅशबोर्डवर अत्तराचा घमघमाट असेल तर नाक अजून खुपसा.

बघायला सकाळी जा आणि मालकाला आधी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. इंजिन गार असतानाच खरं बोलतं. चालू करताना चेन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खुळखुळली तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. कूलंटवर तेलाचा तवंग दिसला तर तिथूनच परत फिरावं. क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि पेडल हळूहळू सोडा: इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. ते गुरगुरत राहिलं तर प्लेट संपली. मजुरीसकट पाच ते आठ हजारांचा हा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा. सोसायटीच्या बेसमेंटचा चढ रिव्हर्समध्ये चढवून पाहिला तर क्लचचा जळका वास लपत नाही. स्पीडब्रेकरवर पुढून खट् आवाज आला तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश, किरकोळ काम. स्टिअरिंग वळवताना कटकट येत असेल तर मात्र रॅक तपासून घ्या.

मीटर मागे केलेला ओळखायला पेडलचे रबर आणि ड्रायव्हर सीटची कड पुरते. ३५ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं ब्रेक पेडल गुळगुळीत नसतं. टायरवरचे शेवटचे चार आकडे बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. सहा वर्षांपुढचे टायर, नक्षी कितीही दिसो, बदलायचेच.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटच्या गाडीची आरसीवर नोंद नसेल तर हात लावू नका. नोंद असेल तरी सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, तिचं सर्टिफिकेट मागा. डिकी जाते, ते वेगळंच.

परतलेल्यांची खरी अडचण गाडीत नसून कागदात असते. पेठ रोडच्या आरटीओत गाडी नावावर करायची तर अर्ज परिवहन पोर्टलवरून जातो आणि ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर परदेशी जाण्याआधीचा, कधीच बंद पडलेला असतो. म्हणून गाडी शोधण्याआधी आधारवरचा नंबर आणि पत्ता सुधारून घ्या. लायसन्सची मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. भारतात कर्जाचा इतिहास नसल्यामुळे सेकंडहँड गाडीचं लोन मिळायला वेळ लागतो आणि व्याजही नव्या गाडीपेक्षा जास्त असतं. रक्कम हाताशी असेल तर लोनच्या मागे लागू नका.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर आरसीवर नाव असलेल्या मालकाच्याच सह्या आहेत ना, ते ताडून घ्या. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेले ई-चलन विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. ताबापावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, म्हणजे त्याआधीचं चलन कोणाचं यावर वाद होत नाही. ताबा घेतल्यापासून १४ दिवसांत इन्शुरन्स नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही; त्यामुळे मालक दाखवतो त्या प्रीमियममध्ये तुमचं भागणार नाही, तो वाढूनच येईल. काचेवरचा फास्टॅग जुन्या मालकाच्या खात्याचा असतो. तो त्याच्याकडून बंद करून घ्या, नाहीतर नवा टॅग निघत नाही आणि घोटीच्या टोलवर अडकून बसाल.