स्पेक्ट्रम की बीबीसी मायक्रो, दुरुस्तीला आधी कोणता घ्यावा?

१९८०च्या दशकातला बंद पडलेला ब्रिटिश होम कॉम्प्युटर आणून स्वतः चालू करायचाय आणि स्पेक्ट्रम ४८के की बीबीसी मायक्रो मॉडेल बी यात अडकला असाल, तर सोल्डरिंग नुकतंच शिकलेल्याने स्पेक्ट्रमच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण पॉवर. स्पेक्ट्रमला बाहेरच्या अडॅप्टरमधून ९ व्होल्ट येतात, त्यामुळे उघड्या बोर्डवर मल्टिमीटर निवांत लावता येतो (फक्त प्लगचा मधला भाग निगेटिव्ह असतो, घरातला कुठलाही अडॅप्टर खुपसू नका). बीबीसीचा पॉवर सप्लाय आतच, म्हणजे मेन्सचा (भिंतीतल्या सॉकेटचा) करंट पेटीत, आणि त्यात रिफा कंपनीचे ते पिवळट पारदर्शक कपॅसिटर, ज्यांच्या कवचाला इतक्या वर्षांत बारीक तडे जातात, आत ओल शिरते, आणि मशीन चालू करून जरा वेळ झाला की फट्कन फुटून खोलीभर घाणेरड्या वासाचा धूर. वरून ठणठणीत दिसले तरी आधी ते बदला. खर्च किरकोळ आहे, पण मेन्सच्या कामाची सवय नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या.

पॉवर सोडली तर बीबीसी खरंच सोपा. मोठे आयसी (चिप) बरेचसे सॉकेटमध्ये, काढून दुसरा लावून बघता येतो, रॅमलाही फक्त ५ व्होल्ट पुरतात. स्पेक्ट्रमची खालची १६के रॅम म्हणजे आठ ४११६ चिप, त्यांना +५, +१२ आणि -५ असे तिन्ही लागतात. ही व्होल्टेज तयार करणाऱ्या सर्किटमधला टीआर४ ट्रान्झिस्टर गेला की हे गणित बिघडतं आणि -५ नसताना मशीन चालू राहिलं तर रॅमही जाते, म्हणून चिप उपटायच्या आधी तिन्ही व्होल्टेज मोजा. कीबोर्डचा मेम्ब्रेन (कळांखालचा पातळ प्लास्टिकचा थर) कडक होऊन तुटतोच, नवा मिळतो.

आपल्याकडे १९८४ ला सुरू झालेल्या क्लास (CLASS) या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रोच दिले होते, तेव्हा शाळेत ज्याला हात लावला तेच मशीन हवं असेल तर बीबीसी घ्या, मी अडवणार नाही.

आता कागद, म्हणजे मशीनसोबतची जुनी नियतकालिकं आणि पत्रकं. बीबीसीवाल्यांच्या यूजर ग्रुपचं बीबग हे नियतकालिक १९८२ पासून व्यवस्थित छापून निघायचं, त्याचे स्कॅन मिळतात आणि दुरुस्तीत उपयोगीही पडतात. ब्रिटनमधल्या छोट्या कॉम्प्युटर क्लबांची पत्रकं मात्र टाइप करून झेरॉक्स मारलेली, प्रती मोजक्याच, आणि कोणीतरी हाताने काढलेलं सर्किट नेमकं त्यातच असतं. स्पेक्ट्रमच्या खोक्यात अशी पानं सापडली तर मशीन राहू द्या, आधी ती स्कॅन करा. स्टेपलरच्या पिना अलगद काढा, ६०० डीपीआय, ग्रेस्केल, नुसतं काळं-पांढरं नको कारण डॉट मॅट्रिक्सचे फिकट ठिपके उडतात. ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) मजकूर शोधायला ठीक आहे, पण बेसिक भाषेतल्या प्रोग्रामच्या छापील लिस्टिंगमध्ये तो शून्याचा ओ करतो आणि प्रोग्राम चालत नाही, त्यामुळे मूळ स्कॅनची टिफ फाइल डिलीट करू नका, तिची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवरही ठेवा.