सात बाणांचा क्यू

गेल्या जानेवारीत हाताने घडवलेला म्हणून स्नूकरचा एक क्यू, म्हणजे चेंडू मारायची लाकडी काठी, मी २२,५०० रुपयांना मागवला आणि फसलो. जळगावच्या आमच्या क्लबातील दोघे तरुण त्याच विक्रेत्याकडे चौकशी करत असल्याचे कानावर आल्यामुळे, स्वतःचा बावळटपणा चारचौघांत मांडण्याचा संकोच बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

विक्रेत्याने पाठवलेल्या माहितीत आकड्यांची रेलचेल होती. लांबी ५८ इंच, वजन १८ औंस, टिप (पुढच्या टोकावरची चामड्याची चकती) ९.५ मिलिमीटर, शाफ्ट (पुढचा निमुळता भाग) ॲशच्या लाकडाचा, बट (मागचा जाड भाग) आबनुसाचा आणि या दोन लाकडांचा चार पाकळ्यांचा जोड हाताने केलेला, असे सारे नोंदवलेले होते. क्यूचे दोन भाग होते आणि त्यांचा सांधा थ्री-क्वार्टर, म्हणजे बटाच्या टोकापासून साधारण सोळा-सतरा इंचांवर होता. हे सर्व आकडे चांगल्या क्यूला शोभणारेच होते आणि त्यामुळेच मी निर्धास्त झालो. सोबतच्या छायाचित्रात शाफ्टवर एकामागोमाग एक असे सात टोकदार बाण दिसत होते. ॲशचे लाकूड निमुळते तासत गेले की त्याची वार्षिक वलये तिरकी कापली जातात आणि हे बाण आपोआप उमटतात. नेम धरताना ते वरच्या बाजूस नीट ओळीत दिसावेत, यासाठी जाणकार खेळाडू फार चोखंदळ असतात. ते बाण पाहून मीही हरखलो आणि एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर, बिल न मागता, यूपीआयने पूर्ण रक्कम पाठवून दिली.

पार्सल आल्यावर पहिली शंका आली ती क्लबच्या मार्करला, म्हणजे टेबले सांभाळून गुण मांडणाऱ्या माणसाला. त्याने क्यू दिव्याखाली धरला, बटाच्या काळ्या पाकळीच्या टोकावरून नख फिरवले आणि म्हणाला, “भाऊ, हे टोक तर सुईसारखं आहे. हाताचं काम असतं तर गोल आलं असतं.”

त्याचे म्हणणे बरोबर होते. हाताच्या कामात शाफ्टच्या जाड टोकाला चार सपाट उतार देतात, त्यांवर आबनुसाच्या पट्ट्या आधी समोरासमोरच्या दोन आणि मग उरलेल्या दोन अशा चिकटवतात, आणि नंतर सगळे रंध्याने गोल करत आणतात. त्यामुळे पाकळीचे टोक कमानीसारखे गोलाकार येते. यंत्राच्या कामात दोन्ही लाकडांना करवतीने खाचा पाडून ती एकमेकांत बसवतात, म्हणून तेथे तीक्ष्ण टोके दिसतात. यंत्राचा जोड वाईट असतो असे मुळीच नाही आणि मी स्वतः अनेक वर्षे तसाच क्यू वापरला आहे. पण त्याला हातकाम म्हणून हातकामाची किंमत घेणे ही लबाडी आहे.

मग मी एकेक गोष्ट तपासू लागलो. ॲशचे बाण वरच्या बाजूस असतील तर बरोबर खालच्या बाजूसही दिसायला हवेत, आणि क्यू पाव फेरा फिरवला की तेथे सरळ, समांतर रेषा दिसायला हव्यात. माझ्या क्यूवर वर चारच बाण होते, खाली काहीच नव्हते आणि ओल्या फडक्याने घासल्यावर एका बाणाचा रंग फडक्याला लागला. बटाच्या बुडाशी पॉलिश कागद दोनदा फिरवताच काळ्या थराखालून फिकट लाकूड डोकावले. खरे आबनूस आतपर्यंत काळे असते आणि इतके घन असते की पाण्यात टाकले तर बुडते. एका सराफ मित्राच्या काट्यावर वजन ६१२ ग्रॅम भरले. १८ औंस म्हणजे जेमतेम ५१० ग्रॅम. तोल साधण्यासाठी बटात थोडे शिसे घालण्याची रीत जुनीच आहे, परंतु शंभर ग्रॅमचा फरक तिच्यात बसत नाही. त्याच मित्राच्या व्हर्निअरने टिप १०.६ मिलिमीटर दाखवली.

क्यूला बाकही होता. येथे एक सांगायला हवे की टेबलावर लोळवून बाक ठरवू नये, कारण हाताने तासलेला क्यू सर्वत्र यंत्रासारखा काटेकोर गोल नसतो. डोळ्यासमोर धरून लांबीच्या दिशेने पाहावे. विक्रेत्याला कळवले तेव्हा त्याने “तुमच्या खानदेशच्या उन्हाने लाकूड वाकले” असे उत्तर दिले. आमच्याकडचे ऊन मे महिन्यात खरोखर लाकडाची परीक्षा पाहते आणि बंद गाडीत क्यू ठेवण्याची चूक कोणी करू नये. मात्र माझे पार्सल ऐन थंडीत आले होते. ज्या जबलपूरच्या छावणीत १८७५ मध्ये हा खेळ जन्मला, ते भुसावळहून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचेच गाव. आपल्या दाराशी जन्मलेल्या खेळाचे साहित्य ओळखता येऊ नये, याची मला पैशांइतकीच खंत वाटली.

१९३० या सायबर मदत क्रमांकावर मी एकोणीस दिवसांनी तक्रार केली. लगेच कळवले असते तर रक्कम गोठवली जाण्याची काहीतरी शक्यता होती. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही नोंद केली आहे. बिल नसल्याने आता संदेश आणि यूपीआयची पावती एवढाच पुरावा उरला आहे. मी मागायला हवे होते ते एवढेच: त्याच क्यूची चारही बाजूंची छायाचित्रे, आणि तो काट्यावर ठेवलेला असतानाचा व्हिडिओ.

गेल्या आठवड्यात क्लबातील त्या तरुणांपैकी एकाने त्याला आलेले छायाचित्र मला दाखवले. मी बाण मोजले. सातच होते, तिसऱ्या बाणाशेजारचा तपकिरी ठिपकाही तोच होता, आणि किंमत आता २६,००० झाली होती.