जुनी बारोलो की जुनी पोयाक?

वीसेक वर्षं मुरलेली भारदस्त रेड वाइन म्हटलं की माझ्यासमोर दोन नावं येतात: इटलीतल्या पिएमाँतची बारोलो आणि फ्रान्समधल्या बोर्दोची पोयाक.

फरक आधी डोळ्यांना कळतो. पोयाकमध्ये जाड सालीच्या काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाचा वाटा मोठा, म्हणून एवढ्या वर्षांनीही ग्लासच्या मधोमध गडद डाळिंबी रंग टिकतो, कडा तेवढी विटकरी होते. बारोलो निव्वळ नेब्बियोलो द्राक्षाची. मुळातच फिकट, त्यात लवकर केशरी पडणारी. रंग पाहून ‘ही गेली’ असं ठरवू नका. पहिल्या घोटातच तिचा जोर कळतो.

पोयाकला देवदाराच्या लाकडाचा, तंबाखूचा वास, त्यामागे ब्लॅककरंट. सगळं कसं नीट घडी घातलेलं. बारोलोत सुकलेल्या गुलाबपाकळ्या आणि चक्क डांबर! नियमानुसार ती किमान 38 महिने मुरवतात, त्यातले 18 लाकडी पिंपात. तरी तरुणपणी कच्ची सुपारी चघळल्यासारखं तोंड आवळतं. वीस वर्षांनी तोच तुरटपणा मऊसूत होतो. मला हीच जास्त आवडते, अगदी मनापासून.

गाळ दोन्हींत असतो. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, ठिसूळ झालेलं बूच हळूहळू काढा, मानेखाली उजेड धरून ओता आणि गाळ दिसताच थांबा.

सोबत साधं भाजलेलं मटण घ्या. झणझणीत रस्सा नको, तिखटाने तुरटपणा जास्त बोचतो.