सगळं वाजवणारा आणि टिकणारा: सोलापुरात ट्यूब अँप निवडताना

आमच्या ऑर्केस्ट्रात नवीन आलेला गिटारवाला पोरगा परवा तालमीनंतर थांबला. "दादा, ट्यूब अँप घ्यायचाय. एकच घेणार. सगळं वाजलं पाहिजे आणि दहा-पंधरा वर्षं बघायला नको. कुठला घेऊ?"

ट्यूब अँप म्हणजे काचेच्या, दिव्यासारख्या ट्यूबवर गिटारचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर. प्रश्न सरळ आहे, पण "सगळं वाजलं पाहिजे" याचा अर्थ गावागणिक बदलतो. सोलापूरच्या पूर्वभागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या भागातल्या, एखाद्या लग्नाच्या रिसेप्शनला पहिलं गाणं तेलुगू, दुसरी फर्माईश कन्नड, मग वडीलधाऱ्यांसाठी सत्तरच्या दशकातलं हिंदी, मध्येच लावणी आणि शेवटी पोरांना नाचायला काहीतरी झणझणीत. म्हणजे चार तासांत गिटारला चार आवाज लागतात: काचेसारखा स्वच्छ, तार दाबून वाजवलेला कोरडा ऱ्हिदम, किंचित खरखरीत आणि लांब रेंगाळणारा लीड. वर यजमान येऊन सांगणार, "जरा हळू, जेवणं चाललीत." सोलापुरात अँप बहुगुणी आहे की नाही, हे या यादीवर ठरतं. माहितीपत्रकातल्या बटणांच्या संख्येवर नाही.

त्याच्यासमोर चार कॉम्बो होते, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत. चारही बारा इंची स्पीकरचे, चारही ठिकठाक नावाचे: फेंडर ब्लूज ज्युनिअर, व्हॉक्स एसी१५, मार्शल डीएसएल२० आणि फेंडर हॉट रॉड डिलक्स.

आधी वॅटचा गैरसमज काढू. ब्लूज ज्युनिअर आणि एसी१५ पंधरा वॅटचे, डीएसएल२० वीसचा, हॉट रॉड चाळीसचा. पोराला वाटत होतं चाळीस म्हणजे पंधराच्या पावणेतीनपट मोठा आवाज. तसं नसतं. पंधरा आणि चाळीस यांत फरक जेमतेम चार डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. खरा फरक कळतो तो ढोलकी आणि कीबोर्ड जोरात असताना. पंधरा वॅटचा अँप तिथं फाटायला लागतो, चाळीसचा स्वच्छ राहतो. फाटलेला आवाज हवा असेल तर पंधरावाला गोड लागतो. नको असेल तेव्हा मात्र त्याला थांबवायचा उपाय नाही, माइक लावून तो मिक्सरवरून वाढवणं एवढंच हाती राहतं.

आता एकेक.

एसी१५ चा आवाज मला चौघांत सगळ्यात आवडतो, हे आधीच कबूल करतो. टॉप बूस्ट चॅनेलला तारा नुसत्या छेडल्या तरी झंकार येतो. रिव्हर्ब (घुमारा) आहे, ट्रेमोलो (थरथरता आवाज) आहे. पण नॉर्मल आणि टॉप बूस्ट या दोन चॅनेलमध्ये पायानं जाता येत नाही, इफेक्ट्स लूपही, म्हणजे आवाज बदलणारे पायाचे पेडल अँपच्या मधोमध जोडायची सोयही, नाही. वजन सुमारे बावीस किलो. एका सुंदर आवाजासाठी एवढं उचलायची तयारी असेल तर घ्या.

ब्लूज ज्युनिअर चौदा किलोच्या आसपास, एका हातात जातो. चॅनेल एकच, आवाज जाड करणारं एक 'फॅट' बटण, स्प्रिंग रिव्हर्ब झकास. लूप यालाही नाही. चर्चमधलं वाजवणं, घरचा रियाज, छोट्या हॉलमधला गझलेचा कार्यक्रम यासाठी मी डोळे झाकून हाच सांगेन. ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर तो एकटा पुरत नाही.

खरी चुरस उरलेल्या दोघांत आहे.

हॉट रॉड डिलक्स १९९६ पासून चालत आलाय. त्यात ६एल६ जातीच्या दोन पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या मोठ्या ट्यूब. त्याचा स्वच्छ आवाज म्हणजे धुतलेली पांढरी चादर, तिच्यावर पेडलचा कुठलाही रंग चढतो. लूप आहे, त्यामुळे डिले-रिव्हर्बचे पेडल नीट बसतात. त्याचा स्वतःचा ड्राइव्ह चॅनेल मला कधीच पटला नाही, पेडलच बरा. दोन चॅनेलला टोनचे कान मात्र एकच, एकाचं जुळवलं की दुसऱ्याचं बिघडतं. व्हॉल्यूमचा नॉब दोनच्या पुढं गेला की एकदम उसळी मारतो, म्हणून "जेवणं चाललीत" वाल्या वेळी हा अँप तुम्हाला घाम फोडतो. वजन वीस किलो.

डीएसएल२० मध्ये ईएल३४ जातीच्या दोन ट्यूब. स्वच्छ आणि कर्कश असे दोन चॅनेल पायानं बदलता येतात. लूप आहे, आणि पॉवर अर्धी, म्हणजे दहा वॅटवर आणता येते. मिक्सरला थेट जोडायला वेगळं आउटपुट आहे, त्यामुळे साउंडवाल्यानं माइक आणला नसेल तरी अडत नाही. वजन सोळा किलोच्या घरात. स्वच्छ आवाज मात्र फेंडरइतका स्वच्छ नाही. त्यात मधला सूर जरा पुढं येतो, आणि जोर लावला की कडेला खरखर सुरू होते. कन्नड भावगीताच्या मागं हलकी बोटं फिरवायची असतील तर हा फरक ऐकू येतो. तोच सूर लीडच्या वेळी कामाला येतो, कारण बँडच्या गर्दीत गिटार हरवत नाही.

टिकण्याच्या बाबतीत लोक ट्यूबलाच घाबरतात. माझ्या मते हे चुकतं. ट्यूब म्हणजे स्कूटरचे ब्रेक लायनर, झिजणार आणि बदलणार. आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम करणाऱ्याच्या पॉवर ट्यूब दीड-दोन वर्षांत थकतात. गिटारचा बारीक आवाज आधी वाढवणाऱ्या छोट्या प्रीअँप ट्यूब, म्हणजे ईसीसी८३, बरीच वर्षं जातात. त्या चौघांतही त्याच आहेत. ईएल८४ (ब्लूज ज्युनिअर आणि एसी१५ मधली), ईएल३४ आणि ६एल६ या तिन्ही जाती आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये रशियातून निर्यात अडली तेव्हा भाव भडकले, तेव्हापासून मी एक जोड कपाटात ठेवतो. एके काळी बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स अशा ट्यूब बनवायची. जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या डब्यात अजून एखादी सापडते. हे लोक ट्यूब म्हणत नाहीत, व्हॉल्व्ह म्हणतात. तसं विचारा, पटकन कळेल.

आयुष्य ठरतं ते ट्यूबवर ताण किती यावर, आणि इथं आकडे बोलतात. ईएल८४ ची प्लेट, म्हणजे ट्यूबच्या आतला पत्रा, जास्तीत जास्त १२ वॅट उष्णता सोसते, ईएल३४ ची २५, ६एल६जीसी ची ३०. ब्लूज ज्युनिअर आणि एसी१५ त्या बारा-बारा वॅटच्या जोडीकडून पंधरा वॅट काढून घेतात. एसी१५ तर कॅथोड बायसचा, म्हणजे कोणी वाजवत नसतानाही ट्यूब जवळजवळ कमाल मर्यादेवर तापलेल्या. (त्याचा एक फायदा आहे: ट्यूब बदलताना बायस, म्हणजे न वाजवताना ट्यूबमधून वाहणारा करंट, सेट करायला मेकॅनिक लागत नाही, जुळवलेली जोड आणा आणि घाला.) डीएसएल२० बघा. ज्या ईएल३४ च्या जोडीवर मार्शलचे पन्नास वॅटचे अँप चालतात, त्याच जोडीकडून इथं वीसच मागितलेत. ही मोकळीक मला महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे ताण फक्त अँपचा नसतो, विजेचाही असतो.

हे मी पैसे मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका गणेशोत्सवात जनरेटरवर कार्यक्रम होता. माझ्याकडे तेव्हा ईएल८४ चा एक सेकंडहँड कॉम्बो होता. तिसऱ्या गाण्याला आवाज मऊ पडायला लागला. मागं वाकून बघतो तर डाव्या ट्यूबच्या आतली काळी प्लेट शेगडीच्या कॉईलसारखी लाल. हात स्विचपर्यंत जायच्या आत फ्यूज गेला. उरलेला कार्यक्रम गिटार थेट मिक्सरला लावून वाजवला, ऐकणाऱ्यांना मधमाशी अडकल्यासारखं वाटलं असेल. नंतर मीटर लावला तर बोर्डावर २६० व्होल्ट.

ट्यूबच्या हीटरला, म्हणजे आत तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट हवेत. २३० च्या अँपला २५० मिळाले की तेच पावणेसातच्या वर जातात, आणि प्लेटचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतो. २६० ला हीटर सात व्होल्टच्या वर. आधीच काठावर बसलेली ईएल८४ तिथून खाली पडणारच. ज्या रेडिओवाल्या काकांकडे अँप नेला, ते आत बघून म्हणाले, "दिवा लागतोय म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, असं नसतंय बाबा." जळालेला स्क्रीन रेझिस्टर बदलला, नवी जोड घातली, अँप पुन्हा उभा राहिला. तेव्हापासून स्टॅबिलायझर आणि शंभर-दोनशेचा मल्टिमीटर गिटारच्या पिशवीबरोबर असतो.

दुसरा शत्रू ऊन. काचेच्या ट्यूबला आपल्या मे महिन्याचं काही वाटत नाही, ती त्याहून कितीतरी गरम असते. मरतात ते आतले वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं. चाळिशीपार पाऱ्यात पत्र्याखाली मांडव, त्यात अँप भिंतीला चिकटवून ठेवला तर पंधरा वर्षांचे कपॅसिटर आठ वर्षांत फुगतात. मागं वीतभर मोकळी जागा सोडा. पॉवरलूमच्या जवळ राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा ब्रशनं आतले सुताचे तंतू काढून घ्यावेत. ते सॉकेटवर बसतात आणि उष्णता धरून ठेवतात.

हॉट रॉडची एक जुनी दुखरी जागा सांगून ठेवतो. त्यातले पाच वॅटचे दोन रेझिस्टर फार तापतात, बोर्ड काळा पडतो आणि सोल्डर तडकतो. मग रिव्हर्ब आणि चॅनेल बदलणं अधूनमधून दगा देतं. चांगल्या मेकॅनिकला तासाभराचं काम आहे. सेकंडहँड बघताना मात्र आधी तिथंच बघा.

सेकंडहँडवरून आठवलं. अमेरिकेतल्या भाच्याकडून स्वस्तात अँप येतोय म्हणून हुरळू नका. तो १२० व्होल्टचा असणार. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो विसरून कोणी थेट प्लग लावला की खेळ खलास. शिवाय साठ हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या पन्नासवर जास्त तापतो.

आणि एक आगंतुक पर्याय: रोलंड जेसी-१२०. १९७५ पासूनचा, एकही ट्यूब नाही, स्वच्छ आवाजात भल्याभल्यांना ऐकत नाही. फक्त स्वच्छच वाजवणार असाल तर ही सगळी चर्चा सोडून तो घ्या, अठ्ठावीस किलो उचलणारा माणूस सोबत ठेवा.

मी स्वतः हॉट रॉड वाजवतो. माझ्याकडे पेडल आहेत, ते जोडायची सवय आहे, आणि ऑर्केस्ट्राचा टेम्पो दारात येतो. पोराला मात्र डीएसएल२० सांगितला. त्याच्याकडे एकच पेडल आहे, दोन खोल्यांच्या घरात रियाज करतो आणि अँप अ‍ॅक्टिव्हाच्या पायापाशी ठेवून नेणार आहे. दहा वॅटवर आणून व्हॉल्यूम खाली ठेवला की शेजारी भांडायला येणार नाहीत, आणि ट्यूबवर ताण मुळातच कमी. स्वच्छ आवाजात तो थोडं गमावेल, पण त्याला ते दोन वर्षांनी कळेल. तोपर्यंत पेडल घेईल.

दुकानात गेल्यावर काय करायचं तेही सांगितलं. गिटार न लावता व्हॉल्यूम वाढवून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं प्रीअँप ट्यूब हलक्या ठोकायच्या. टकटक ऐकू आली तर चालेल, घंटेसारखी वाजत राहिली तर ती बदलून मागायची. मागचा पत्रा काढून आत बोट घालायचं नाही, बंद केलेल्या अँपच्या कपॅसिटरमध्येही जीव घेण्याइतका चार्ज साठून राहू शकतो. आणि कार्यक्रम संपल्या संपल्या अँप गाडीवर चढवायचा नाही. तापलेल्या ट्यूबला खड्ड्यातला एक हिसकाही महागात पडतो, तिला निवायला दहा-पंधरा मिनिटं द्यायची. मांडववाला घाई करेल. त्याला म्हणायचं आलोच, आणि तेवढ्यात शेवटच्या पंगतीला बसून घ्यायचं.