आर्ची बंकरची खुर्ची आणि आमची पडवी

'ऑल इन द फॅमिली' या अमेरिकन विनोदी टीव्ही मालिकेचा जुना डीव्हीडी संच ऑनलाइन मागवला. वेंगुर्ल्यापर्यंत यायला अकरा दिवस लागले, वर एक डबी फुटलेली आणि तिसरी चकती मधेच अडकते. विकणाऱ्याला दोन तारे. मालिकेचा नायक आर्ची बंकर, त्याला मात्र पाच.

१९७१ ते १९७९ अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर चाललेली ही मालिका. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला आर्ची काळ्यांना, ज्यूंना, बायकांना, कुणालाच सोडत नाही. जावयाला तर तोंडावर 'मीटहेड', म्हणजे बिनडोक, म्हणतो. तरी आपला त्याच्यावरचा राग टिकत नाही. आर्ची साकारणारा कॅरल ओकॉनर त्या बडबडीमागचा घाबरलेला माणूस दाखवतो, आणि लिहिणारे दरवेळी आर्चीलाच तोंडघशी पाडतात. १९७२ च्या एका भागात फोटो काढताना कृष्णवर्णीय गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनिअर त्याच्या गालाचा मुका घेतो. तेव्हाचं आर्चीचं तोंड मी तीनदा मागे नेऊन पाहिलं.

आमचे अण्णा याच जातकुळीतले. पडवीतल्या आरामखुर्चीवरून अख्ख्या वाडीची जात काढायचे. आणि भर पावसात रात्री कुणाचं पोर तापलं, की बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर दवाखान्याला निघणारेही तेच.

आर्चीची खुर्ची अमेरिकेत, स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. अण्णांच्या खुर्चीचं कापड उंदरांनी कुरतडलंय. तरी आई अजून कुणाला तिच्यावर बसू देत नाही.