त्या सोमवारी रॉ की इम्पॅक्ट?

४ जानेवारी २०१०. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतल्या टीएनए कंपनीने आपला टीव्ही कार्यक्रम ‘इम्पॅक्ट’ थेट, तीन तासांचा करून प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूईच्या ‘रॉ’समोर उभा केला. ‘इम्पॅक्ट’वर हल्क होगन आला, रिक फ्लेअर आला, दोघेही कुस्तीतले जुने बडे तारे. पण पहिलीच लढत फसली. लाल पिंजऱ्याच्या छताशी होमिसाइड नावाचा कुस्तीगीर लटकून धडपडतोय, बाहेर काही पडता येईना, आणि सामना निकालाविना गुंडाळला. प्रेक्षक भडकले, ते योग्यच होतं.

‘रॉ’कडे हुकमाचं एकच पान: बारा वर्षांनी परतलेला ब्रेट हार्ट. जुना वैरी शॉन मायकल्सशी हात मिळवला, मग मिठी. मॉन्ट्रियलची जखम (१९९७ मध्ये तिथं मायकल्सविरुद्धच्या लढतीत हार्टला ठरल्याविरुद्ध हरवलं गेलं) ठाऊक असलेल्याचा गळा तिथं दाटतोच. टीव्ही रेटिंग: ‘रॉ’ ३.६, ‘इम्पॅक्ट’ १.५.

निव्वळ कुस्तीत एजे स्टाइल्स–कर्ट अँगल ही इम्पॅक्टचीच लढत सरस. तिच्याआधी कार्यक्रमात एवढं सगळं कोंबलं, याचं मला आजही वाईट वाटतं.